गाडीच्या पेंटवरचे बारीक चरे आणि पक्ष्यांच्या विष्ठेचे डाग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रश्न तेच तेच येतात. पक्षी शिटला, पुसलं, डाग राहिला, आता काय करू? किंवा गाडी उन्हात उभी केली आणि अचानक सगळीकडे जाळी दिसली. म्हणून साध्या गोष्टींपासून अडनिड्या केसेसपर्यंत सगळं एकदाच लिहून ठेवतोय. एक गोष्ट आधीच सांगतो कारण पुढची सगळी उत्तरं तिच्यावरच उभी आहेत: पॉलिशने चरा जातो म्हणजे चऱ्यात काही भरलं जात नाही, चऱ्याच्या आजूबाजूचा थर घासून खाली आणला जातो. आणि घासलेला थर परत येत नाही. त्यामुळे हलक्या उपायाने काम होत असेल तर जड उपायाला हात लावायचा नाही.

१. गाडीवर पेंटचे थर किती असतात? चरा नक्की कुठे पडतो?

हल्लीच्या बहुतेक गाड्यांवर पत्र्यापासून वर मोजलं तर आधी गंज रोखणारा थर, मग प्रायमर, त्यावर रंगाचा बेस कोट आणि सगळ्यात वर क्लिअर कोट, म्हणजे बिनरंगाचा पारदर्शक थर. सगळं मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतं (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). त्यातला क्लिअर कोट अंदाजे ३५ ते ५० मायक्रॉन, म्हणजे डोक्याच्या एका केसाच्या जाडीपेक्षाही कमी. चकाकी याच थराची आणि उन्हापासून रंग वाचवायचं कामही यालाच. फडक्याने पडणारे बारीक चरे आणि विष्ठेचे बहुतेक डाग या थराच्या वरच्या काही मायक्रॉनमध्येच असतात म्हणून ते घालवता येतात. चरा रंगापर्यंत किंवा प्रायमरपर्यंत गेला असेल तर तो पॉलिशचा विषयच नाही, त्यासाठी प्रश्न १४ बघा.

२. माझा चरा पॉलिशने जाईल की नाही हे घरच्या घरी कसं कळेल?

आधी ती जागा धुऊन घ्या, कारण निम्म्या वेळा जो चरा वाटतो तो चरा नसतोच, दुसरं काहीतरी घासून लागलेलं असतं (प्रश्न १३). मग चऱ्यावर थोडं पाणी टाका. ओला असताना चरा दिसेनासा होत असेल तर तो क्लिअर कोटमध्ये आहे, आशा आहे. पाण्यातही तसाच पांढरा किंवा काळा दिसत असेल तर तो खाली पोचलाय. दुसरी टेस्ट नखाची: नख आडवं धरून चऱ्यावरून हलकेच न्या, अडकलं नाही तर पॉलिशने जाईल, जेमतेम जाणवलं तर कमी होईल पण पूर्ण जाईलच असं नाही, आणि ठक्कन अडकलं तर पॉलिशच्या मागे लागू नका. नखाने जोर लावायचा नाही, नाहीतर टेस्ट करता करता नवीन चरा पडेल.

३. सावलीत गाडी मस्त दिसते, पण उन्हात नाहीतर रात्री दिव्याखाली गोल गोल जाळी दिसते. हे काय आहे?

हे स्वर्ल मार्क्स. कोळ्याच्या जाळ्यासारखे दिसतात म्हणून लोकांना वाटतं की कुणीतरी गोल गोल पुसल्यामुळे झाले, पण तसं नसतं. चरे सगळ्या दिशांनी पडलेले असतात, फक्त प्रकाशाच्या ठिपक्याभोवती जे आडवे येतात तेवढेच चमकतात आणि त्यामुळे गोल दिसतं. खात्री करायची तर अंधारात मोबाइलचा टॉर्च बॉनेटवर धरा आणि हळूहळू सरकवा, जाळं टॉर्चबरोबर सरकतं.

कारण जवळजवळ नेहमी एकच, धुळीवर कोरडं फडकं. सकाळी निघताना घाईघाईत गाडीवर फडका मारला जातो तेव्हा धूळ पुसली जात नाही, ती पेंटवरून फरफटत नेली जाते. काळ्या, गडद निळ्या, मरून गाड्यांवर हे जास्त दिसतं. पांढऱ्यावर आणि सिल्व्हरवर तेवढेच चरे असतात, फक्त डोळ्याला दिसत नाहीत.

४. आत्ताच पक्षी शिटलाय. पहिलं काय करू?

पुसू नका. हे सगळ्यात महत्त्वाचं आहे, हातात जे सापडेल त्याने पुसून टाकायचा मोह होतो आणि खरे चरे तिथेच पडतात, कारण विष्ठेत वाळूचे कण, बिया, कवचाचे तुकडे असं काय काय असतं.

टिश्यू पेपर नाहीतर मऊ मायक्रोफायबर पाण्यात चिंब भिजवून डागावर नुसता ठेवा. ताजी असेल तर दोन-तीन मिनिटं, वाळलेली असेल तर दहा मिनिटं आणि मधे एकदा वरून परत पाणी. जवळून बघितलं तर कळतं काय होतंय ते: आधी कडा फुगतात, पांढरा भाग भिजलेल्या चुन्यासारखा होतो आणि मधला काळपट गोळा पेंटवरून सुटायला लागतो. मग तो कागद दोन्ही बाजूंनी चिमटीत धरून सरळ वर उचला, बाजूला ओढू नका. काही राहिलं असेल तर नवीन ओला कागद घेऊन परत तेच. शेवटी भरपूर पाणी टाकून धुवा आणि मऊ कापडाने दाबून टिपून घ्या. कोमट पाणी असेल तर काम लवकर होतं, उकळतं नको.

अजून एक, वाळलेली विष्ठा खरवडू नका, तिची धूळ नाकातोंडात जाणं तब्येतीला चांगलं नाही. नंतर हात साबणाने धुवायचे आणि ते फडकं परत गाडीच्या कामाला वापरायचं नाही.

५. रस्त्यात आहे, पाणीच नाहीये. तरी काय करता येईल?

पिण्याच्या बाटलीतलं पाणी चालतं, अर्धा ग्लास पुरतो. तेही नसेल तर ओला वाइप डागावर ठेवून द्या, तोही फक्त ठेवायचा आणि उचलायचा. काहीच नसेल तर गाडी सावलीत लावा. कोरड्याने पुसण्यापेक्षा सावलीत तासभर तसंच राहिलेलं बरं, का ते पुढच्या उत्तरात कळेल.

६. एवढं काय असतं त्या विष्ठेत? आणि किती वेळात काढली पाहिजे?

पक्ष्यांची लघवी वेगळी होत नाही. विष्ठेतला पांढरा भाग म्हणजे युरिक ॲसिड आणि ते पाण्यात फारसं विरघळत नाही, म्हणून पाऊस पडून गेला तरी पांढरा थर चिकटून राहतो. हे ॲसिड त्रास देतंच, पण खरं नुकसान ॲसिड आणि ऊन मिळून करतात आणि हे फार लोकांना माहीत नसतं. कडक उन्हात गडद रंगाचा पत्रा ६०-७० अंशांपर्यंत तापतो, क्लिअर कोट जरा मऊ होतो आणि प्रसरण पावतो. त्याच वेळी वरची विष्ठा वाळून आक्रसते आणि घट्ट धरून बसते. संध्याकाळी पत्रा गार झाला की क्लिअर कोट परत कडक होतो, पण विष्ठेखालच्या उंचवट्या-खड्ड्यांचा साचा घेऊनच. म्हणून डाग पुसल्यावरही सुरकुतलेली, निस्तेज जागा दिसते, कधी बोटालाही लागते.

वेळेचं उत्तर म्हणूनच उन्हावर अवलंबून आहे. भर उन्हात तापलेल्या बॉनेटवर काही तासांतही डाग उमटतो. थंडीत, सावलीत दुसऱ्या दिवशी काढली तरी बऱ्याचदा काही होत नाही. दिसली की काढायची आणि ऊन चढायच्या आधी काढायची एवढं पाळलं तर पुढचे बरेचसे प्रश्न येणारच नाहीत.

७. विष्ठा काढली पण डाग उमटलाच आहे. आता?

पायऱ्या पायऱ्यांनी जा आणि प्रत्येक पायरीला थांबून बघा. आधी ती जागा नीट धुवा, मग दिवसभर गाडी साध्या उन्हात राहू द्या, ताजे डाग कधीकधी पत्रा परत तापल्यावर आपोआप बसतात. नाही बसला तर हेअर ड्रायर (पुढचा प्रश्न). तरीही राहिला तर बारीक पॉलिश (पॉलिश, कंपाउंड, वॅक्स, सीलंट म्हणजे काय ते प्रश्न १० मध्ये), फोमच्या छोट्या पॅडने, हाताने, डागापुरती आणि आजूबाजूला चार बोटं. दोन वेळा करून बघा. फरक पडतोय पण पुरता जात नाहीये असं असेल तर मगच कंपाउंड आणि त्यानंतर परत बारीक पॉलिश. शेवटी वॅक्स किंवा सीलंट लावायलाच हवं, कारण घासलेल्या जागेवर आधीचं काहीच शिल्लक नसतं.

डाग ऐंशी टक्के गेला आणि फक्त तिरकं बघितल्यावर दिसतोय, असं असेल तर मी तिथेच थांबतो आणि तुम्हालाही तेच सांगेन. ती उरलेली सावली घालवायला जेवढा क्लिअर कोट घासावा लागतो तेवढ्यात पुढच्या दोन-तीन डागांची सोय होते. गाडी बाहेर उभी राहणार, पक्षी परत येणारच आहेत.

८. हेअर ड्रायरने डाग जातो असं ऐकलंय. खरं का?

बऱ्याच वेळा खरं आहे. डाग म्हणजे क्लिअर कोटने घेतलेला चुकीचा आकार असेल तर गरम केल्यावर तो थोडा सैल होतो आणि जागेवर यायला बघतो. जागा स्वच्छ असली पाहिजे, नाहीतर घाण आतच भाजली जाईल. ड्रायर वीतभर लांब धरा, सतत हलवत राहा, मिनिटभर झालं की थांबून हात लावून बघा. पत्रा चांगला गरम लागला पाहिजे पण हात ठेवता आला पाहिजे. मग आपोआप गार होऊ द्या, पाणी मारू नका. दोन-तीन वेळा करूनही काहीच फरक नसेल तर ॲसिडने थर खाल्लाय असं समजायचं आणि पॉलिशकडे वळायचं.

पेंट काढायची हीट गन घरी वापरू नका, तिची उष्णता फार जास्त असते. बंपर प्लास्टिकचा असतो, तिथे ड्रायरही जपून. आणि नेहमीच्या चऱ्यांवर याचा उपयोग नाही.

९. टूथपेस्ट, खोबरेल तेल, डब्ल्यूडी-४०, बेकिंग सोडा… यातलं काय चालतं?

यातलं काहीच चऱ्यासाठी बनलेलं नाही. टूथपेस्टमध्ये घासणारे कण असतात हे खरं, म्हणून तिने फरक पडल्यासारखा वाटतो, पण ते कण दातांसाठी आहेत, पेंटवर ते बारीक होत जात नाहीत आणि चऱ्याच्या जागी एक अंधुक धब्बा राहतो, गडद गाडीवर तर लगेच. तेल आणि डब्ल्यूडी-४० चऱ्यात भरून बसतात, चरा लपतो, एका धुण्यात परत दिसतो आणि मधल्या काळात त्यावर धूळ चिकटते ती वेगळीच. बेकिंग सोडा कोरडा घासला तर तो बारीक वाळूसारखाच. भांडी घासायची काथ्या-स्क्रबर मंडळी तर गाडीच्या जवळपास नकोतच.

१०. कंपाउंड, पॉलिश, वॅक्स यात फरक काय? दुकानात सगळ्या बाटल्या सारख्याच दिसतात.

कंपाउंड जाड कापतं, चरे पटकन काढतं पण स्वतःची बारीक धूसर झाक मागे ठेवतं. पॉलिश तेच काम फार हळुवार करतं आणि ती झाक काढून चकाकी आणतं. वॅक्स काही कापत नाही, वर बसून राहतं, पाणी आणि घाण जरा दूर ठेवतं आणि काही आठवड्यांत उतरतं. सीलंट म्हणजे तेच काम करणारं कृत्रिम उत्पादन, काही महिने टिकतं. म्हणजे वॅक्सने चरा जाणार नाही आणि कंपाउंडने संरक्षण मिळणार नाही. क्लीनर वॅक्स असं लिहिलेलं असेल तर त्यात दोन्ही थोडं थोडं असतं, फार हलक्या चऱ्यांना ते पुरतं.

११. हाताने करू की मशीनने?

एक-दोन डाग, दरवाजाच्या हँडलमागचे नखांचे चरे, एखादी रेघ, हे सगळं हाताने होतं. सगळ्या गाडीवरची जाळी हाताने काढायला जाऊ नका, खांदे भरून येतात आणि दाब सगळीकडे सारखा न पडल्याने ठिगळं दिसतात.

मशीन घ्यायचंच असेल तर ड्युअल ॲक्शन, ज्याला लोक डीए म्हणतात. त्याचं पॅड स्वतःभोवती फिरतं आणि सोबत डुलतंही, त्यामुळे एका जागी उष्णता साठत नाही. रोटरी नुसतं गरगर फिरतं, लवकर कापतं, पण नवख्याच्या हातात क्षणात पेंट जाळतं, आणि होलोग्राम नावाच्या लांब लाटांसारख्या खुणा बहुतेक त्याच्याच. गाडी सावलीत, पत्रा गार. साधारण दीड-दोन फुटांचा चौकोन घ्यायचा, पॅडवर वाटाण्याएवढे चार थेंब, आधी बंद मशीनने पसरवून घ्यायचं आणि मग हळू हळू आडवं, मग उभं, तीन-चार फेऱ्या. मशीनच्या वजनापेक्षा थोडाच जास्त दाब. पहिला चौकोन हा प्रयोगाचा समजा, सगळ्यात मऊ पॅड आणि सगळ्यात बारीक पॉलिशने सुरुवात करा आणि त्यानेच काम झालं तर पुढे जायची गरजच नाही.

कडा आणि उंच रेषा यांना मास्किंग टेप लावायचीच. पेंट ओला असताना कडांवरून ओघळतो म्हणून तिथे थर मुळातच पातळ असतो. मी सुरुवातीला एका बॉनेटच्या मधल्या उंच रेषेवर टेप न लावता मशीन नेलं होतं. चकाकी येतेय असं वाटत होतं, पुसलं तर रेषेवर बोटभर लांबीची फिकट पट्टी, क्लिअर कोट तिथून निघून गेलेला. ती पट्टी घालवायला अख्खं बॉनेट परत पेंट करावं लागलं, त्या दिवसापासून टेप आधी आणि मशीन नंतर.

१२. पॉलिशच्या आधी क्ले बार (पेंटला चिकटलेले कण उचलणारी मऊ मातीसारखी वडी) लागतोच का?

धुतलेल्या पेंटवर हातात पातळ प्लास्टिकची पिशवी घालून बोटं फिरवा. गुळगुळीत लागलं तर नको. खरखरीत लागलं तर हवा, कारण धुण्याने न निघणारे कण, डांबराचे ठिपके, लोखंडाची भुकटी हे सगळं पॅडखाली आलं तर पॉलिश करता करता चरे पडतील. क्ले नेहमी भरपूर लुब्रिकंट मारून, बिनदाबाचा, सरळ रेषेत. खाली जमिनीवर पडला तर तो तुकडा टाकून द्यायचा. क्लेने स्वतःच्याही बारीक खुणा पडतात म्हणून पॉलिश करणार नसाल तर उगाच क्ले करू नका.

१३. पार्किंगमध्ये कुणीतरी घासून गेलंय, पांढरा लांबलचक पट्टा आहे. गेलं ना सगळं?

घाबरू नका, आधी बघा की तो पट्टा खोलवर आहे की वर चढलाय. दुसऱ्या गाडीचा, खांबाचा किंवा भिंतीचा रंग आपल्या क्लिअर कोटवर पुसला गेला की अगदी भयानक दिसतो, पण बोट फिरवलं तर जरा उंच लागतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल नाहीतर डांबर काढायचं क्लीनर मऊ कापडावर घेऊन हलकं पुसा. थिनर नको, तो आपलाही पेंट मऊ करतो. परका रंग निघाला की खाली खरे किती चरे आहेत ते कळतं, आणि ते बरेचदा दोन-चारच असतात. त्यांना प्रश्न २ ची टेस्ट लावा.

१४. नख अडकतंय, आत पांढरं दिसतंय. एका ठिकाणी तर पत्राच दिसतोय.

पांढरं किंवा करडं म्हणजे बहुतेक प्रायमर. इथे टच-अप. गाडीचा पेंट कोड दरवाजाच्या चौकटीवर, बॉनेटखाली किंवा डिकीत कुठेतरी स्टिकरवर असतो, त्याच कोडचा रंग घ्या, नावावर जाऊ नका. जागा अल्कोहोलने पुसून सुकवा. बाटलीबरोबर येणारा ब्रश बहुतेक वेळा फार जाड असतो, टूथपिकच्या टोकाने रंग फक्त चऱ्याच्या खोबणीत सोडायचा, पातळ पातळ दोन-तीन थर, मधे वाळू द्यायचं, शेवटी क्लिअरचा थेंब. जवळून बघितलं तर दिसणारच, मेटॅलिक रंगात तर हमखास, कारण त्यातली चमकी ब्रशने तशी बसत नाही. पण चार पावलांवरून दिसत नाही आणि मुख्य म्हणजे पाणी आत जात नाही.

पत्रा दिसत असेल तर वाट बघू नका, गंज पेंटच्या खालून पसरतो आणि वरून कळत नाही. गंज धरला असेल तर तो घासून काढून, प्रायमर लावून मगच रंग. प्लास्टिकच्या बंपरला गंजाची भीती नाही, तिथे निवांत केलं तरी चालतं.

१५. पॉलिश करताना फडक्यावर गाडीचा रंग येतोय! काही बिघडलं का?

दोन शक्यता आहेत. गाडी जुन्या पद्धतीच्या सिंगल स्टेज पेंटची असेल, म्हणजे क्लिअर कोट वेगळा नसून रंग आणि चकाकी एकाच थरात, तर रंग येणारच, त्यात काही वावगं नाही, फक्त किती घासताय ते बघा. काही गाड्यांवर, विशेषतः साध्या पांढऱ्या रंगात, असा पेंट असतो. पण गाडीला क्लिअर कोट आहे हे माहीत असेल आणि तरीही रंग आला तर ताबडतोब थांबा, तुम्ही क्लिअर कोटच्या खाली गेला आहात. ती जागा आता कुठल्याही बाटलीने भरून येणार नाही. आधीच कळून घ्यायचं असेल तर डिकीच्या आत झाकलेल्या कोपऱ्यावर पांढऱ्या कापडाने थोडं पॉलिश लावून बघा.

१६. बाहेरून रबिंग-पॉलिशिंग करून आणलं, गाडी आरशासारखी दिसत होती. दोन धुण्यांत सगळे चरे परत. फसवलं का?

फसवलं असं लगेच म्हणता येणार नाही, पण चरे निघाले नव्हते, भरले होते. काही पॉलिशमध्ये आणि ग्लेझमध्ये तेलं असतात, ती चऱ्यात बसतात आणि प्रकाश विखुरणं थांबतं. धुतलं की तेल जातं. हे तपासायला अगदी सोपं आहे: काम झाल्यावर एक भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाच-सहा भाग पाणी असं मिश्रण करून एका छोट्या जागेवर मारा, मऊ कापडाने पुसा आणि टॉर्च धरून बघा. जे दिसतंय ते खरं. घरी स्वतः पॉलिश करतानाही प्रत्येक चौकोनानंतर असं पुसून बघितलंत तर उगाच जास्तीचं घासणं वाचतं आणि अपेक्षाभंगही होत नाही.

१७. खोल चऱ्यासाठी वॉटर पेपर (पाणी लावून घासायचा बारीक सँडपेपर) मारू का? २००० नंबरचा चालेल?

ज्याने आधी कधी केलं नाही त्याला मी नाही सांगेन. हलक्या पॉलिशने एखाद मायक्रॉन जातो, वॉटर पेपरने काही घासण्यांतच त्याच्या कितीतरी पट, आणि नंतर पेपरच्या खुणा काढायला कंपाउंड मारावंच लागतं, म्हणजे थर दोनदा जातो. जाडी मोजायचं मीटर असेल तरच विचार करा. मीटर सगळ्या थरांची मिळून जाडी सांगतं, एकट्या क्लिअर कोटची नाही हे लक्षात ठेवा, आणि साधं मीटर प्लास्टिकच्या बंपरवर चालतच नाही. एखाद्या भागावर आकडा २०० मायक्रॉनच्या वर गेला तर तो भाग बहुधा परत पेंट केलेला आहे, हजाराच्या घरात गेला तर खाली पुट्टी आहे. असे भाग निराळे वागतात, पुढचा प्रश्न वाचा.

१८. नुकतंच डेंटिंग-पेंटिंग झालंय आणि त्यावरच पक्षी शिटला. नेहमीसारखंच काढू का?

काढायचं तसंच (प्रश्न ४), फक्त आणखी लवकर. कारखान्यात पेंट साधारण १४० अंशांना भाजला जातो. गाडी जोडून झाल्यावर प्लास्टिक-वायरिंगमुळे एवढी उष्णता देता येत नाही, पेंट बूथमध्ये जेमतेम ६० अंश. त्यामुळे नवा पेंट पूर्ण कडक व्हायला कित्येक आठवडे जातात आणि तोवर डाग लवकर आणि खोल उमटतो. या काळात वॅक्स, सीलंट, अल्कोहोल काही लावू नका, किती दिवस थांबायचं ते पेंट करणाऱ्यालाच विचारा, वापरलेल्या मटेरियलवर ते ठरतं. डाग पडलाच तरी पॉलिशची घाई नको, पूर्ण कडक झाल्यावर बघू.

१९. मॅट पेंट आहे / रॅप केलंय (वरून व्हिनाइलची फिल्म चिकटवलीय) / पीपीएफ (पेंट वाचवणारी पारदर्शक फिल्म) आहे. यातलं काय लागू होतं?

मॅट पेंटवर पॉलिश कधीच नाही. मॅटपणा हा पृष्ठभागाच्या खडबडीतपणामुळे असतो, घासलं की तेवढी जागा चकाकते आणि परत मॅट करता येत नाही. विष्ठा भिजवून उचलायची, बस, म्हणून मॅटवाल्यांनी सगळ्यात जास्त जागरूक राहायला हवं. व्हिनाइल रॅपलाही पॉलिश नाही, डाग खोल गेला तर तेवढा तुकडा बदलतात. पीपीएफच्या वरच्या थराला उष्णतेने बारीक चरे भरून येतात, कोमट पाणी किंवा ऊन पुरतं, पण विष्ठा दिवसचे दिवस ठेवली तर त्यावरही पिवळट डाग राहतो.

२०. सिरॅमिक कोटिंग केलंय, तरी डाग कसा पडला?

कारण ते चिलखत नाही. कोटिंगची जाडी एक-दोन मायक्रॉनच्या आसपास असते. त्यामुळे पाणी घरंगळतं, घाण सहज सुटते, धुणं सोपं होतं आणि विष्ठा काढायला थोडा जास्त वेळ मिळतो. पण खाली क्लिअर कोट तोच आहे, तो तापतो तसाच आणि आकार घेतो तसाच. चऱ्यांचंही तसंच, कोटिंग आहे म्हणून कोरडं फडकं मारलं तर चरे पडणार. आणि डाग घालवायला पॉलिश केलंत की तिथलं कोटिंगही गेलं, तेवढ्या जागेवर परत लावावं लागतं.

२१. मग गाडी धुवायची आणि पुसायची कशी?

आधी नुसत्या पाण्याने वरून खाली, सुटी धूळ जाऊ द्या. दोन बादल्या घ्या, एकीत शॅम्पू, दुसरीत साधं पाणी. मायक्रोफायबरचा हातमोजा शॅम्पूत बुडवा, एक भाग धुवा, साध्या पाण्यात पिळून माती सोडा आणि मग परत शॅम्पूत. छत आधी, दरवाजांचा खालचा भाग शेवटी, चाकांचं कापड वेगळं. सुकवायला मोठा जाड टॉवेल पसरून टिपायचा. मायक्रोफायबर धुताना फॅब्रिक सॉफ्टनर घालू नका, धागे गुळगुळीत होऊन माती पकडेनासे होतात. रोज पुसायची सवय सुटतच नसेल तर निदान पाण्याचा किंवा क्विक डिटेलरचा (हलकी धूळ पुसायला मिळणारा स्प्रे) फवारा मारून पुसा, आणि खूप धूळ असेल त्या दिवशी तसंच जाऊ द्या, धुळीची गाडी चालवल्याने पेंटचं काही बिघडत नाही, धूळ कोरडी पुसल्याने बिघडतं.

२२. दरवाजांच्या मधला काळा चकचकीत खांब फार खराब झालाय. तोही पॉलिशने?

होय, पण जपून. ते बहुतेक वेळा प्लास्टिक असतं आणि फार मऊ असतं, नुसत्या नजरेने चरे पडतात असं वाटावं इतकं. सगळ्यात मऊ पॅड, सगळ्यात बारीक पॉलिश, हाताने. कंपाउंड लावलंत तर धूसर होईल. एखादा चरा राहिला तर राहू द्या आणि नंतर त्यावर पातळ फिल्म लावून घ्या.

२३. विष्ठेच्या डागाच्या जागी बारीक भेगा दिसतायत, कडेला पापुद्रा उचललाय. कुठलं पॉलिश घेऊ?

कुठलंच नाही. भेगा पडल्या म्हणजे क्लिअर कोट आरपार तडकलाय, आणि पापुद्रा म्हणजे तो खालच्या रंगापासून सुटलाय. मशीन लावलं तर पॅड त्या कडेत अडकून पापुद्रा अजून मोठा करेल. पापुद्रा ओढून काढू नका, वॅक्सही नको कारण नंतर पेंट धरत नाही. तोवर पाण्याने स्वच्छ ठेवा, शक्यतो सावलीत लावा, आणि तो एक भाग, बॉनेट असेल तर बॉनेट, व्यवस्थित घासून परत पेंट करून घ्या. नुसत्या डागापुरता क्लिअर कोटचा स्प्रे मारला तर त्याची कड काही महिन्यांत पुन्हा उचलते, कारण जुन्या सुटलेल्या थरावरच नवा बसलेला असतो.